रुपेशनं घरी आणलेली वाक्यं

मढच्या अलीकडं, माळशेज घाटाकडं जाणाऱ्या डांबरी रस्त्यावरून एक कच्ची वाट आत जाते. तिथून दीड किलोमीटरवर बोरदरा ही तीस-पस्तीस घरांची वस्ती. प्रज्ञा वाव्हळ तिथली. वय छत्तीस. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर काम करते. रहिवासी दाखला, रेशनकार्डात नाव चढवणं, निराधारांचे अर्ज, असलं कुणाचंही काम अडलं की लोक तिच्याकडं येतात, आणि ती कागद पुरा झाल्याशिवाय माणसाला उठू देत नाही.

मी त्या भागातल्या शाळेत एकोणीस वर्षं शिक्षक होतो. प्रज्ञा माझी विद्यार्थिनी. तिचा धाकटा भाऊ रुपेश माझा विद्यार्थी होता असं मात्र मला म्हणवत नाही. दुसरीत असताना तो कानांवर हात दाबून बसायचा. घंटा वाजली की भिंतीवर डोकं आपटायचा. काही विचारलं तर आपलाच प्रश्न आपल्याला जसाच्या तसा परत द्यायचा. त्याला घरीच ठेवा, असं त्याच्या आईला सांगणाऱ्या दोघा शिक्षकांपैकी मी एक. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी दुसऱ्यांविषयी जे सांगेन ते कुठल्या तोंडानं सांगतोय हे कळेल.

आई द्रौपदा आमच्यावर रागावली नाही. तिनं त्याला हाताशी धरलं आणि वस्तीतल्या एकेका घरी नेलं. मग रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्या, दवाखाना, पोलीस चौकी. प्रत्येक ठिकाणी तिचं सांगणं एकच असायचं. हा माझा रुपेश, ह्याला लांबून हाक मारा, समोरून या, अंगाला हात लावू नका. एका शिबिरात आलेल्या डॉक्टरनं तिला स्वमग्नता हा शब्द सांगितला होता. ऑटिझम म्हणजे तेच. तो शब्द तिनं कधी वापरला नाही. लोकांना शब्द सांगून कळत न्हाई, माणूस दाखवावा लागतो, असं ती म्हणायची.

रुपेश मोठा झाला तसा त्याचा दिवस ठरून गेला. त्याला उघडं राहिलेलं काहीही सहन व्हायचं नाही. सकाळी उठून तो वस्तीतली गोठ्यांची फाटकं, शेळ्यांच्या कुडाच्या खोपटांची दारं, पाण्याच्या टाक्यांची झाकणं बंद करत निघायचा. कडी घातली की दोनदा ओढून बघायची, मगच पुढं. आमच्याकडं बिबट्याचा वावर, त्यामुळं त्याची ही सवय कुणाला जड झाली नाही. रुपेश येऊन गेला का, एवढं विचारून बायका निवांत व्हायच्या. तिथून तो रस्त्यावर यायचा, बहिरूच्या चहाच्या टपरीवर एक ग्लास दूध प्यायचा आणि परत फिरायचा. चौकीतले हवालदार चिमाजी तर त्याला येताना पाहून जीपचं दार मुद्दाम उघडं ठेवायचे. त्यानं ते लावलं की मान हलवायचे. तोही हलवायचा. एवढंच त्यांचं बोलणं.

चिमाजी रिटायर झाले. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी द्रौपदा गेली. वडील सोपान त्याच्या आधीच गेलेले. घरात बहीण-भाऊ उरले. रुपेशचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट तो नऊ वर्षांचा असतानाचं होतं. त्यावर मतिमंद असं लिहिलेलं आणि फोटो लहानपणीचा. नवीन कार्डासाठी पुण्याला नेऊन तपासणी करून घ्यावी लागणार होती, आणि रुपेश एसटीत ओतूरच्या पुढं टिकत नसे. इंजिनचा आवाज, हॉर्न, अंगाला लागणारी माणसं. तो ओरडायला लागायचा आणि अर्ध्या वाटेत उतरावं लागायचं. दोनदा असं झाल्यावर प्रज्ञानं तो विषय मागं टाकला. सगळ्या गावाची कार्डं तिनं काढून दिली. घरातलं एक राहिलं.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधला एक रविवार. पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेजला पुण्या-मुंबईकडून इतक्या गाड्या येतात की मढपासूनच रांग लागते. त्या दिवशी बाहेरून बंदोबस्त मागवला होता. बहिरूच्या टपरीसमोरच्या मोकळ्या जागेत पन्नासेक गाड्या उभ्या होत्या. कुणी डिकी उघडी टाकून भजी खात होतं, कुणाची दारं सताड उघडी. रुपेश दूध प्यायला आला आणि त्यानं ते पाहिलं.

तो एका टोकाकडून सुरू झाला. उघडं दार लावायचं आणि हँडल दोनदा ओढून बघायचं. जी दारं बंद होती तीही तो ओढून बघत होता. एकतीस वर्षांचा दणकट माणूस, अंगात जुना शर्ट, कुणाकडं न बघता एकेका गाडीचं हँडल ओढत चाललाय, हे लांबून कसं दिसत असेल ते मी समजू शकतो. तेवढ्यात एका कुटुंबाचा मोबाइल सापडेना. त्यांच्यातल्या बाईनं रुपेशकडं बोट दाखवलं.

बंदोबस्तावरचा सुदर्शन नावाचा तिशीतला शिपाई मागून आला आणि त्यानं रुपेशचे दोन्ही दंड धरले. रुपेशनं कोपर झाडलं. ते सुदर्शनच्या तोंडावर बसलं आणि त्याचे पुढचे दोन दात तुटले. रक्त पाहिल्यावर बाकीचे धावले.

टपरीवरून बहिरू ओरडत आला, की हा आमचा रुपेश आहे, ह्याला सोडा, ह्याला बोलता येत न्हाई. त्याला बाजूला ढकललं. आणि खरी अडचण तर पुढंच झाली, कारण रुपेश बोलला. बंदोबस्तावरच्या साहेबांनी विचारलं, "नाव काय तुझं?" रुपेश म्हणाला, "नाव काय तुझं." साहेबांनी विचारलं, "मोबाइल तूच घेतला ना?" तो म्हणाला, "तूच घेतला." आजूबाजूला जमलेली माणसं हसली. कुणीतरी शूटिंग काढत होतं. साहेबांना वाटलं हा आपली टिंगल करतोय. त्यांनी त्याला जीपमध्ये घालायला सांगितलं.

प्रज्ञा त्या दिवशी जुन्नरच्या बाजारात होती. गलक्यात फोन ऐकू आला नाही. दीड वाजता बघते तर बहिरूचे अकरा मिस्ड कॉल. घरून रुपेशचे कागद घेऊन ती पोलीस ठाण्यात पोहोचली तेव्हा साडेतीन वाजले होते. रुपेश आतल्या खोलीत कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. एक कान लाल झालेला आणि सुजलेला. मनगटांवर वळ. पँट ओली. तिनं ठाण्यात जुनं सर्टिफिकेट पुढं केलं. त्यावरचा नऊ वर्षांच्या पोराचा फोटो आणि समोरचा दाढीवाला माणूस यांचा मेळ कुणाला लागेना. ती आयुष्यभर लोकांना सांगत आली होती की कागद असला की काम होतं. त्या दिवशी तिच्या हातात कागद होता आणि तो उपयोगाचा नव्हता.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी दोघांनाही तपासलं. सुदर्शनचे दात लिहिले, रुपेशचा कान आणि मनगटं लिहिली आणि वर आपणहून लिहिलं की हा माणूस प्यायलेला नाही, ह्याला मानसिक तपासणीची गरज आहे. त्यामुळं अटक टळली. सरकारी कामात अडथळा आणि शिपायाला दुखापत असा गुन्हा दाखल झाला आणि प्रज्ञाच्या सहीवर नोटीस देऊन त्याला सोडलं. चोरीचं पुढं बघू म्हणाले. बहिरूनं ओळखीच्या माणसाची जीप आणली होती. रुपेश त्या जीपमध्ये बसेना. खाकी सीटकव्हर होतं तिला. शेवटी प्रज्ञानं आपली ओढणी सीटवर पसरली.

पहिले चार दिवस तो जेवला नाही, बोलला नाही. पाचव्या दिवशी दुपारी भाताचं ताट पुढं असताना जाड आवाजात म्हणाला, "हात मागं घे." तो आवाज त्याचा नव्हता. रुपेश दुसऱ्याचं वाक्य उचलायचा तेव्हा त्या माणसाचा आवाजही उचलायचा; आई गेल्यावर किती दिवस घरात आईचा आवाज यायचा. प्रज्ञा हातातलं काम टाकून ऐकत राहिली. थोड्या वेळानं दुसरा आवाज, बारीक, मधे खोकणारा: "नाटक करतोय साहेब. एक ठेवून द्या, बोलंल." मग पुन्हा तो जाड आवाज.

त्यानंतर रोज काही ना काही यायचं. कधी अंघोळ करताना, कधी चुलीपाशी बसल्यावर. हात काढ कानावरचे. बस म्हणतो ना खाली. पाणी नको देऊ त्याला. कुठल्या वाडीचा हाय रं हा. प्रज्ञानं ग्रामपंचायतीतून एक कोरी वही आणली आणि वाक्य आलं की तारीख घालून लिहायला लागली. बहिरूची बायको भागू तिला म्हणाली, कशाला लिहितेस, डोक्यातनं जाऊ दे. प्रज्ञा तिला म्हणाली, "त्याला सांगता येत न्हाई म्हणून तो असा सांगतोय. मी नाय लिहिलं तर कोण लिहिणार?"

शिव्याही तिनं लिहिल्या. एकदा मला वही दाखवायला आणली तेव्हा ती पानं तिनं दुमडून ठेवली होती. जातीवरून काही आहे का, मी विचारलं. ती म्हणाली, न्हाई सर, जात विचारायची पण गरज पडली नव्हती त्यांना.

त्या वहीत एक वाक्य होतं जे तिला कळत नव्हतं. रुपेश ते घाईघाईत, ओठ आत ओढून म्हणायचा: "आता बाफ करा फायेब, ह्याला कळत न्हाई." बाफ म्हणजे काय, फायेब म्हणजे कोण? तिनं तसंच लिहून ठेवलं. पंधरा-वीस वेळा ऐकल्यावर एका सकाळी पंचायतीकडं चालत जाताना ती रस्त्यात थांबली. बास करा साहेब. पुढचे दात नसलेला माणूस स असा म्हणतो. त्या खोलीत पुढचे दात नसलेला माणूस एकच होता.

मोफत वकील देणाऱ्या सरकारी विधी सेवेतून तिला हर्षाली नावाच्या वकील मिळाल्या होत्या. प्रज्ञानं त्यांना हे सांगितलं. हर्षाली मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की वहीतलं कोर्टात चालायचं नाही, आणि फिर्यादीला, म्हणजे सुदर्शनला, जाऊन भेटायचं तर मुळीच नाही. साक्षीदारावर दबाव आणला असं ते म्हणतील आणि केस आणखी बिघडेल. प्रज्ञानं मान हलवली. पण फिर्यादीच्या कागदावर सुदर्शनच्या गावाचा पत्ता होता, तळेघरच्या पुढची एक वाडी. तिनं तो पाठ केला होता.

दिवाळीनंतर भातकापणी सुरू झाली. त्या दिवसांत पोलीसही रजा काढून घरी येतात हे तिला ठाऊक होतं. एका सोमवारी तिनं रुपेशला भागूच्या घरी ठेवलं आणि पहिल्या गाडीनं निघाली. नारायणगाव, मंचर, घोडेगाव. गाड्या बदलत तळेघरला पोहोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. पुढं गाडी नव्हती. विचारत विचारत तासभर चालली. खाचरांमध्ये कापलेल्या भाताच्या पेंढ्या पडल्या होत्या आणि वरच्या बाजूला नाचणी उभी होती.

सुदर्शन खाचरातच होता. बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. त्यानं तिला ओळखलं आणि विळा खाली ठेवला. त्याची आई ठकूबाई बांधावर होती. पाव्हणी कोण, कुठली, असं तिनं विचारलं तेव्हा सुदर्शन म्हणाला, माळशेजकडच्या ताई हायेत, कामाच्या संदर्भात आल्यात. ठकूबाई चहा करायला घराकडं गेली.

तो आधी बोलला. त्याचं म्हणणं, ताई, तुमी यायला नको व्हतं, माझी नोकरी जाईल. प्रज्ञा म्हणाली, ती केस मागं घ्या म्हणायला आलेली नाही, माफी मागायलाही नाही आणि मागून घ्यायलाही नाही. मग तिनं पिशवीतून वही काढली. माझ्या भावाबरोबर त्या चार तासांत काय झालं हे मला कळायला पाहिजे, त्याला सांगता येत न्हाई, तुम्ही तिथं होता, असं म्हणून तिनं वही त्याच्या हातात दिली.

तो बांधावर बसून वाचायला लागला. पानं सावकाश उलटत होता. मधेच त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे माझं हाय. "हात मागं घे." आणखी एक पान उलटल्यावर म्हणाला, हे पण माझंच. हात काढ कानावरचे. त्यानं कान झाकले व्हते, मी हात वढले. बाकीची वाक्यं कुणाची ते तो सांगेना आणि तिनंही विचारलं नाही. तो शेवटच्या पानापर्यंत गेला तेव्हा "आता बाफ करा फायेब" ही ओळ आली. त्यानं नवीन दात बसवले होते. नकळत जीभ त्यांवरून फिरवत होता.

"हे त्याच्या ध्यानात राहिलं?" त्यानं विचारलं.

"रोज म्हणतो," प्रज्ञा म्हणाली.

मग त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं की नाही देव जाणे, पण प्रज्ञा म्हणते की त्यानं स्वतःला वगळलं नाही. रुपेशला त्यानं मागून धरलं होतं. धरण्याआधी आवाज दिला नव्हता. ठाण्यात आणल्यावर राग डोक्यात होता, तोंडातून रक्त येत होतं, त्यानंही हात चालवला. मग रुपेश लघवी करून बसला आणि त्या ओल्या फरशीवर हातानं पाणी एका बाजूला सारायला लागला, फरशीच्या रेषेच्या आत. मार खाणारा माणूस असं करत न्हाई, ताई, तो म्हणाला. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की आपण कुणाला मारतोय. तेव्हाच सुदर्शन ते बास करा साहेब म्हणाला होता. त्याचं कुणी ऐकलं नाही. तोही दुसऱ्यांदा बोलला नाही, दवाखान्याच्या निमित्तानं बाहेर गेला आणि जबाबावर सही केली. आणि एक गोष्ट तिला माहीतच नव्हती. तो मोबाइल त्याच संध्याकाळी त्या कुटुंबाला मुलांच्या खाऊच्या पिशवीत मिळाला होता. त्यांनी तसा ठाण्यात फोनही केला होता. तो फोन कुणी लिहून घेतला नाही.

ठकूबाईनं चहा आणला. काय झालं, एवढं गप का, तिनं विचारलं. सुदर्शननं आईला तिथंच, प्रज्ञासमोर, सांगितलं की ज्या माणसानं माझे दात पाडले म्हणून तू शिव्या देत व्हतीस त्याची ही बहीण, आणि तो माणूस आजारी हाय, आमी त्याला मारला. प्रज्ञा निघाली तेव्हा ठकूबाईनं तिच्या पिशवीत नाचणीचं पीठ घातलं. प्रज्ञानं ते नको म्हटलं नाही, आणि घेतल्याबद्दल तिला पुढं कितीतरी दिवस कसंसंच वाटत राहिलं.

परत आल्यावर तिनं दुसरं काम हातात घेतलं. रुपेशला पुण्याला तपासणीला न्यायचं. बहिरूच्या ओळखीची तीच जीप तिनं रोज संध्याकाळी दारात उभी करायला लावली, सीटवर तिची ओढणी पसरून. पहिला आठवडा रुपेश नुसता जवळ जाऊन परत यायचा. दुसऱ्या आठवड्यात बसला, इंजिन बंद. मग इंजिन चालू, जागेवरच. मग डांबरी रस्त्यापर्यंत. मग मढ. कानांत कापसाचे बोळे, वरून माकडटोपी. ओतूरला पोहोचायला महिना गेला. नारायणगावच्या चौकात एकदा पोलीस उभा दिसला तेव्हा तो सीटखाली शिरला आणि तिथून दोन तास निघाला नाही. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. फेब्रुवारीत ते पुण्याला पोहोचले. डॉक्टरांनी तीन वेळा बोलावलं. तीन वेळा ती घेऊन गेली. कार्डावर अखेर ऑटिझम असं छापून आलं, फोटो दाढीसकट.

एप्रिलमध्ये सुदर्शननं स्वतःहून पुरवणी जबाब दिला. त्याच्या आधी दोनदा त्यानं प्रज्ञाला फोन करून सांगितलं होतं की आपल्याच्यानं होणार नाही. तिनं दोन्ही वेळा ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवला. जबाबात त्यानं लिहून दिलं की आपण सूचना न देता मागून धरलं, इजा झटापटीत नकळत झाली आणि चोरीला गेलेली म्हणून सांगितलेली वस्तू मालकाकडंच मिळाली. मारहाणीचं त्यानं लिहिलं नाही. हर्षाली मॅडम म्हणाल्या, एवढं पुरे आहे. प्रज्ञाला ते पुरे वाटलं नाही, पण तिनं ते मान्य केलं. जूनमध्ये नवीन तपासणीचा अहवाल आणि हा जबाब बघून कोर्टानं रुपेशला मोकळं केलं. न्यायाधीशांनी त्याला नाव विचारलं तेव्हा त्यानं त्यांनाच परत विचारलं, "नाव काय तुझं." या वेळी कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी आपलं नाव सांगितलं.

त्या साहेबांची बदली झाली. चौकशी झाली म्हणतात. काय निघालं ते आम्हाला कुणी कळवलेलं नाही.

नवीन आलेले अधिकारी पावसाळ्याच्या बंदोबस्ताआधी आपल्या माणसांची बैठक घेणार होते. त्यांनी प्रज्ञाला बोलावलं, अशा माणसांशी कसं वागावं ते दहा मिनिटं सांगा म्हणून. तिनं मला बरोबर चला म्हटलं. रुपेशला अर्थातच नेलं नाही. चाळीसेक पोलीस होते, निम्मे बाहेरचे. प्रज्ञानं घरून काही मुद्दे लिहून आणले होते. ती उभी राहिली, कागदाकडं पाहिलं आणि तो बाजूला ठेवला. पिशवीतून वही काढून वाचायला लागली. आवाज चढवला नाही. कुणाचं वाक्य ते सांगितलं नाही. तारीख आणि वाक्य, तारीख आणि वाक्य. हात मागं घे. नाटक करतोय साहेब. पाणी नको देऊ त्याला. दुमडलेली पानंही त्या दिवशी तिनं उलगडली आणि शिव्या आहेत तशा वाचल्या. मागच्या रांगेतला एक जण खोकला तेव्हा ती क्षणभर थांबली, आणि पुढं वाचत राहिली.

संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझा भाऊ बोलत न्हाई असं सगळे म्हणतात. हे तो बोलतो. तुम्ही जे त्याच्याशी बोलाल तेच तो जन्मभर बोलणार हाय, माझ्या घरात, जेवताना. एवढं ध्यानात ठेवून बोला."

बाहेर आल्यावर दोघी महिला शिपाई तिच्यामागं आल्या. हाक कशी मारायची, उजेड कमी करायचा का, किती लांब उभं राहायचं, असं विचारत राहिल्या. एकीनं लिहून घेतलं. प्रज्ञानं त्यांना आपला नंबर दिला. त्यानंतर वर्षभरात त्या नंबरावर ठाण्यातून तीन फोन आले, आणि दोन वेळा ती स्वतः गेली. एकदा बसस्टँडवर कपडे काढून बसलेली एक बाई होती, कुणाशी बोलत नव्हती. प्रज्ञा तिच्यापासून दहा फुटांवर जमिनीवर बसून राहिली. तीन तासांनी बाईनं साडी अंगावर घेतली. तिच्या घरच्यांचा पत्ता दोन दिवसांनी लागला.

रुपेश आता रस्त्याला जात नाही. वस्तीतही फिरत नाही. घर आणि मागचं खाचर, एवढ्यातच असतो. आधी तो सकाळी निघून जायचा तेव्हा प्रज्ञाला कामावर जाता यायचं. आता भागूला बसवून जावं लागतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप लागते. वाक्यं कमी झालीत, पण गेलेली नाहीत.

सुदर्शन गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा बोरदऱ्याला आला, साध्या कपड्यांत. अंगणात येऊन त्यानं प्रज्ञाला हाक मारली आणि घरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. रुपेश पलंगाखाली शिरला होता आणि आतून त्याच जाड आवाजात म्हणत होता, हात मागं घे, हात मागं घे. सुदर्शन तिथल्या तिथं मागं फिरला. प्रज्ञाला वाटलं आता हा येणार नाही.

लावणीच्या वेळी तो पुन्हा आला. या वेळी रस्त्यावरूनच त्यानं बहिरूच्या हाती निरोप पाठवला आणि सरळ मागच्या खाचरात उतरला. दिवसभर त्यानं चिखलात रोपं लावली आणि तोंडातून शब्द काढला नाही. प्रज्ञानं काही विचारलं तर हातानं सांगायचा. रुपेश दुपारपर्यंत दारात उभा राहून बघत होता. मग वरच्या खाचरात उतरला आणि पाठमोरा रोपं लावू लागला. दोघांमध्ये दोन बांधांचं अंतर होतं.

मी त्या दिवशी तिथं होतो. प्रज्ञा रोपांच्या मुठी आधी भावाला नेऊन देत होती, मग त्याला. संध्याकाळी सुदर्शननं ओढ्यावर पाय धुतले आणि कुणाचा निरोप न घेता तो रस्त्याकडं चालू लागला.